होडीच्या ट्रेलरची खांदमळणी

माझं माहेर कोरेगावकडचं. तिकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं. लग्न होऊन सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आले, तेव्हा आई भावकीत सांगत सुटली होती, पोरीनं नशीब काढलं, दारात नदी आहे म्हणून. दारात नदी असणं म्हणजे काय, ते मला सासरी आल्यावर कळलं. ती मनात येईल तेव्हा घरात येते आणि एकदा आली की जायचं नाव काढत नाही. पाहुण्यांना निदान चहा पाजून वाटेला लावता येतं.

मागच्या मोठ्या पुरात ती अशीच आली. आमचे हे म्हशी घेऊन माळावर गेले होते, मुलं पुण्याला होती, घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, असे दोघंच होतो. पाणी उंबऱ्याला लागलं तसं आम्ही स्लॅबवर चढलो. दुपारी आम्हाला न्यायला होडी आली. आमच्या गावाला स्वतःची होडी नव्हती, ही नदीपलीकडच्या गावाची होती. मामंजींनी होडी बघितली, होडीतली माणसं बघितली आणि पाठ फिरवून बसले.

"त्या गावच्या होडीत मी पाय ठेवणार न्हाई," म्हणाले.

हे काय खूळ, तर सांगते. आमच्याकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. मामंजी तरणे होते तेव्हा आमच्या गावच्या होडीत पुढं वल्हं मारायला बसायचे. एका शर्यतीत पलीकडल्यांनी म्हणे मुद्दाम वल्ह्यात वल्हं अडकवलं आणि आमची होडी आडवी झाली. पलीकडले म्हणतात, ती आपली आपणच आडवी झाली. खरं खोटं कृष्णामाईला ठाऊक. पण त्या दिवसापासून मामंजींनी पलीकडल्या गावचं पाणी वर्ज्य केलं. तिकडच्या सोयरिकी मोडल्या, तिकडच्या बाजारातली वांगी घरात आली तर जेवायचे नाहीत. वांग्यानं काय केलं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

होडीतल्या पोरांनी हातापाया पडून बघितलं. एकानं वर चढून त्यांना उचलायला घेतलं, तर मामंजींनी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला मिठी मारली ती सोडेचनात. शेवटी होडी दुसऱ्यांना घेऊन गेली. मला म्हणाले, तू जा. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एकटं टाकून मी कशी जाणार? दोन रात्री मी त्यांच्याशेजारी त्या स्लॅबवर काढल्या. अंगावर पाऊस, खाली पाणी आणि शेजारी हा हट्टी माणूस. पाणी आणखी पुरुषभर चढलं असतं तर आम्ही दोघंही नसतो. मला त्यांचा इतका राग आला होता, इतका राग आला होता, की थंडीसुद्धा वाजली नाही. आणि पाणी उतरल्यावर त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. थांबलीस बरं झालं, एवढंसुद्धा नाही.

मी मात्र त्या स्लॅबवरच ठरवलं होतं. ह्या माणसाचं डोकं काही बदलायचं नाही, तेव्हा होडी बदलायची. पुढच्या पुराच्या आत गावाला स्वतःची होडी पाहिजे म्हणजे पाहिजे. ग्रामसभेत मी बायकांना घेऊन गेले आणि असा काही आवाज लावला, की सरपंचांनी मला बसा, बसा म्हणत स्वतःच बसून घेतलं. तालुक्याच्या कचेरीत चपला झिजवल्या. शेवटी कचेरीनं फायबरची एक चांगली रुंद होडी मंजूर केली. पण अट घातली. होडी पुराच्या पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून वर शाळेच्या मैदानात ठेवायची आणि लागेल तेव्हा ट्रेलरवरून खाली न्यायची. शाळेपासून घाटापर्यंत नुसता उतार, मध्ये देऊळ, घरं, पोरंबाळं. तेव्हा ट्रेलर गावानं करायचा आणि त्याला ब्रेक पाहिजे. साहेब स्वतः येऊन तपासणार. ब्रेक लागला नाही, तर होडी पलीकडल्या गावाला.

म्हणजे झालं. पलीकडं होडी गेली, की पुढच्या पुरात आमचे मामंजी पुन्हा टाकीच्या पाइपाला मिठी मारून बसणार. आणि आता त्यांच्या अंगात दोन रात्री भिजायची ताकद राहिली नव्हती. ब्रेक माझ्या लेखी लोखंडाचा नव्हताच, म्हाताऱ्याच्या जिवाचा होता.

ट्रेलरचं काम आपसूकच आमच्या ह्यांच्याकडं आलं. हे फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गावात मेजरच म्हणतात, तसं ह्यांनाही म्हणतात, आणि हे कुणाला दुरुस्त करत नाहीत. बाकी सगळं दुरुस्त करतात. घरातला पंखा, मिक्सर, शेजारच्यांचा पंप, कुणी मागितलं नसलं तरी. दुरुस्त झाल्यावर एखादा स्क्रू उरतो, तो हे खिशात ठेवतात.

कराडजवळ एक कारागीर उसाच्या ट्रॉल्या बनवतो, त्याच्याकडं आम्ही दोघं गेलो. ब्रेकवाला ट्रेलर पाहिजे म्हटल्यावर तो आमच्या तोंडाकडं बघतच राहिला. त्यानं जन्मभर ट्रॉल्या केल्या, पण ब्रेक कुणी मागितला नव्हता. आमच्या भागात ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून चालतात. त्यांना टेप असतो, झिरमिळ्या असतात, मागं आईचा आशीर्वाद लिहिलेला असतो. ब्रेक नसतो. थांबायचं असलं तर एक माणूस उडी मारून चाकाखाली दगड घालतो. कारागीर म्हणाला, ट्रॅक्टरला ब्रेक आहे की, पुढचा थांबला की मागचा थांबतोच. मी ह्यांच्यामागं तीस वर्षं चालतेय. पुढचा थांबला की मागचं थांबतं का, ते मला विचारायचं.

ह्यांनी मग त्याला टपरीवरच्या बाकड्यावर बसवून तासभर शिकवलं. ट्रॅक्टर थांबला, की मागचा ट्रेलर त्याला ढकलतो. त्या ढकलण्याचाच उपयोग करायचा. ट्रेलरचा पुढचा दांडा आत सरकणारा करायचा, तो सरकला की तार ओढली जाते आणि चाकातला ब्रेक आपोआप लागतो. शिवाय उभं करून ठेवायला हातानं ओढायचा एक दांडा. हे सांगताना चहाचे पेले ट्रॅक्टर-ट्रेलर झाले आणि दोन्ही पेले माझ्या लुगड्यावर सांडले. पण कारागिराला पटलं. त्यानं एका भंगारातल्या मोटारीचा मागचा ॲक्सल, चाकं आणि ब्रेक आणून ट्रेलर उभा केला, आणि हौसेनं त्याला झिरमिळ्याही लावल्या.

ट्रेलर गावात आला त्या दिवशी सगळा गाव घाटावर. पुढं जाताना ब्रेक असा छान लागला, की हे टोपी काढून लोकांसमोर हलवायला लागले. मग ट्रेलर पाण्याकडं उलटा न्यायचा होता. ट्रॅक्टर मागं आला आणि ट्रेलर गाढवासारखा जागच्या जागी अडला. का, तर मागं येतानाही ट्रॅक्टर तो दांडा आत ढकलतोच. दांड्याला काय कळतंय, आपण थांबतोय का मागं जातोय? त्यानं इमानदारीत ब्रेक लावला. ट्रॅक्टरनं धूर काढला, ट्रेलर हलला नाही. मग जे व्हायचं ते झालं, गावातला प्रत्येक पुरुष इंजिनिअर झाला. कुणी म्हणे हवा कमी करा, कुणी म्हणे लिंबू फिरवा. एक म्हणाला, होडी इथंच ठेवू, पूर वर येतोयच की. हे त्या दिवशी घरी येऊन न बोलता जेवले, आणि ह्यांच्या बाबतीत ती लई गंभीर गोष्ट असते.

त्यावर तोड निघाली. कारागिरानं दांड्याला आरपार भोक पाडलं आणि एक जाड खिळा दिला. मागं नेताना खिळा घालायचा, म्हणजे दांडा सरकत नाही. पुढं नेताना काढायचा. हे तो खिळा गळ्यात दोरीनं बांधून फिरायला लागले. हळदीच्या समारंभालाही गेले, गळ्यात खिळा. मी म्हटलं, मंगळसूत्र मी तरी अंघोळीला काढून ठेवते हो.

तपासणीची तारीख ठरली ती नेमकी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. पाऊस सुरू झाला होता, ट्रेलर आमच्याच अंगणात उभा होता, आणि दोन दिवस भिजल्यामुळं ब्रेक जरा ओरडायला लागले होते. ट्रेलर हलवला की किर्र किर्र व्हायचं. ह्यांचं म्हणणं, थोडं चाललं की गंज झडून आपोआप जाईल, हात लावायचा नाही. मामंजी ओट्यावर बसून प्रत्येक वेळी तोंड कसनुसं करायचे. त्यांचा जन्म बैलगाडीवर गेलेला. गाडीचं चाक ओरडलं आणि मालकानं ऐकून सोडून दिलं, असला माणूस त्यांच्या हिशेबी गाडीला जुंपण्याच्या लायकीचा.

आता बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, त्याला तेल-हळद लावून हलक्या हातानं चोळायचं. आमच्या गोठ्यातला शेवटचा बैल जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून बेंदूर आला की मामंजी दिवसभर गप्प असायचे. मातीचे बैल पूजेला आणले तर म्हणायचे, ह्यांचा काय खांदा दुखतोय.

त्या संध्याकाळी मी आत पुरण वाटत होते. मामंजी स्वयंपाकघरात आले आणि वाटीत तेल दे म्हणाले, हळद घालून. मी दिली. थोड्या वेळानं खिडकीतून बघते तर मामंजी ट्रेलरच्या पुढं उकिडवे बसलेले. ट्रॅक्टरला जिथं जोडतात, तिथं त्या दांड्याला तेल-हळद लावून हळूहळू चोळत होते. तोंडानं काहीतरी बोलतही होते, बैलाशी बोलायचे तसं. मला एकदम भरून आलं. ह्यांना हाक मारली, म्हटलं, बघा तरी. आम्ही दोघं नवरा-बायको खिडकीत डोळे पुसत उभे राहिलो. नंतर ते पुन्हा तेल मागायला आले तर मी मोठी वाटी भरून दिली आणि पुरणाकडं वळले. एवढं तेल एका दांड्याला कशाला, हे कुणाच्या मनात यायचं? सणासुदीला तेल मोजायला काय आपण दुकान मांडलंय?

दुसऱ्या दिवशी बेंदूर झाला, पोळ्या झाल्या. मामंजी त्या दिवशी गप्प नव्हते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तपासणीच्या सकाळी कचेरीनं पाठवलेली होडी ट्रेलरवर चढवली आणि ट्रेलर घाटाकडं निघाला. ह्यांनी फौजेतली टोपी चढवली होती, गळ्यात खिळा आणि शिट्टी दोन्ही. ट्रेलर अजिबात ओरडत नव्हता. हे मला म्हणाले, सांगितलं नव्हतं, आपोआप जाईल? उतारावर ट्रॅक्टर थांबत थांबत चालला होता आणि हवेत एक वास यायला लागला. मला वाटलं, देवळाजवळ कुणीतरी भजी तळतंय. साहेबांनीही विचारलं, जेवणाची सोय केलीत का म्हणून. सरपंच हो हो म्हणाले आणि एका माणसाला पळवलं, कारण सोय केलेली नव्हती. पण वास आमच्याबरोबरच खाली चालला होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मामंजी होडीत बसले होते. त्यांचं म्हणणं, होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा रिकामी सोडत नाहीत. नवा पटका बांधून मधल्या फळीवर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पलीकडले लोक आपली होडी घेऊन नदीत येऊन थांबले होते. बघायला आलो म्हणाले. आमचं नापास झालं की मिळणार त्यांनाच होती, तर बघायला येणार नाहीत काय.

घाटाच्या उतारावर ह्यांनी खिळा घातला, ट्रॅक्टर उलटा घेतला. ट्रेलर पाण्याकडं, ट्रॅक्टर वर. होडी उतरवायची म्हणून तिचे दोर सोडले. अर्ध्या उतारावर ह्यांनी शिट्टी मारली, हातब्रेक ओढला आणि साहेबांना म्हणाले की आता ट्रॅक्टरसुद्धा काढून घेतो, ट्रेलर इंचभर हलणार नाही. हे करायला कुणीही सांगितलं नव्हतं. साहेब पास करून मोकळे व्हायच्या बेतात होते, त्यांना परत जायची घाई होती. पण हौस. ह्यांनी ट्रेलर सोडवला, ट्रॅक्टर दोन हात पुढं घेतला.

ट्रेलर क्षणभर थांबला. मग अगदी हळू, आवाज न करता, खाली निघाला.

हे दांडा ओढतायत, ट्रेलर चालतोय. हे दांड्याला लोंबकळले, ट्रेलर ह्यांनाही घेऊन चालला. शिट्टी तोंडातच होती, ती वाजत राहिली. सवयीनं दगड शोधायला चार जण धावले, पण घाट आम्ही बायकांनीच आदल्या दिवशी झाडून लख्ख केला होता, दगड कुठला सापडतोय? ट्रेलर सरळ पाण्यात शिरला, होडी त्याच्यावरून उचलली गेली आणि तरंगत नदीत गेली. हे कमरेएवढ्या पाण्यात ट्रेलर धरून उभे. आणि होडीत मामंजी, पटका जरासुद्धा न हलता, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांना वाटलं, असंच असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारला.

वल्ही देवळात पूजेला ठेवली होती. होडी आपली हळूहळू मधल्या धारेकडं निघाली. पलीकडल्यांनी आपली होडी तिच्याजवळ घेतली आणि म्हणाले, आबा, इकडं या. मामंजी हलले नाहीत. मी काठावरून ओरडले, की मामंजी, देवासाठी बसा त्यांच्या होडीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दोर टाका," पलीकडल्यांना म्हणाले. "मी माझ्या होडीत बसलोय."

त्यांनी दोर टाकला. मामंजींनी तो स्वतःच्या हातानं बांधला आणि पलीकडल्यांच्या होडीमागून राजासारखे काठाला आले. साहेबांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं, पण अट म्हणजे अट. होडी आणि ट्रेलर पलीकडल्या गावाला, म्हणाले, ट्रेलरचे पैसे कचेरी तुम्हाला देईल, तिथल्या लोकांना ब्रेक करून घेता येईल.

ट्रेलर बाहेर ओढून ह्यांनी तिथंच चाक उघडलं. आतून पिवळं तेल गळलं. ब्रेकच्या पट्ट्या तेल-हळदीत लोणच्याच्या फोडींसारख्या मुरल्या होत्या. भज्यांचा वास तो हाच. चाकाला आतलं बघायचं एक भोक असतं, त्यातून मामंजींनी वाटीभर तेल सोडलं होतं. दोन्ही चाकांत. वंगण म्हणून. हे चाक हातात घेऊन मामंजींसमोर उभे राहिले.

"वरडत हुतं," मामंजी म्हणाले. "आता वरडतंय का?"

ह्यावर कोण काय बोलणार?

मी मात्र बोलले. घरी गेल्यावर बोलले. मी म्हटलं, मामंजी, गावाची होडी मी ज्यांच्यासाठी आणली त्यांनीच ती घालवली. आता पाणी आलं की पलीकडल्यांचीच होडी येणार आणि तुम्ही पुन्हा पाइपाला चिकटणार. पण ह्या खेपेला मी थांबायची नाही, सांगून ठेवते. जेवण झाल्यावर मामंजींनी ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि मला आणखीच राग आला.

ह्यांचं दुखणं निराळं होतं. होडी गेली त्याचं एवढं नाही, पण आपला ब्रेक दुसऱ्याच्या गावात बिघडलेला उभा आहे, ह्यानं ह्यांना झोप येईना. दुसऱ्याच दिवशी कराडला जाऊन नव्या पट्ट्या आणल्या आणि पूल ओलांडून पलीकडं गेले. मग जातच राहिले. चाकं रॉकेलनं धुतली, पट्ट्या बसवल्या, भोकाला झाकण केलं, तार ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. पलीकडले ह्यांना जावई आले, जावई आले म्हणायला लागले. ते हातब्रेकवर दोघं दोघं चढून नाचून बघायचे. हे घरी येताना वांगी घेऊन यायचे, आणि मी ती मुद्दाम भरून करायची. मामंजी ताटातल्या वांग्याकडं बघायचे आणि आमटी-भात खायचे. एक दिवस बघितलं तर वांगं ताटात नव्हतं. त्या दिवसापासून हे पलीकडून आले, की मामंजी ओट्यावरून विचारायला लागले, लागतोय का नीट? हे म्हणायचे, लागतोय.

श्रावणात पाऊस असा लागला की थांबेना. धरणातून पाणी सोडलं, नदी फुगली आणि एका सकाळी गल्लीत आली. पूल बंद व्हायच्या आत पलीकडले ट्रेलरवर होडी घालून पूल ओलांडून आमच्या गावात उतरले. हे त्यांच्याबरोबरच होते. शाळेजवळून खाली येणारा तोच उतार, ओला आणि शेवाळलेला. जिथं पाणी लागलं होतं तिथं ट्रेलर थांबवला, आणि ट्रेलर थांबला. हातब्रेक ओढला, तो तसूभर हलला नाही. ते सगळं मी स्लॅबवरून बघत होते. हे नंतर सांगत होते, की त्यांनी तेव्हा टोपी काढून हलवली नाही, ब्रेकवर नुसता हात ठेवून उभे राहिले.

होडी गल्लीतून आमच्या घराकडं आली. आता तिच्या अंगावर तांबड्या रंगात पलीकडल्या गावचं नाव होतं, चांगलं ठळक, लांबून वाचता येईल असं. मी थांबायची नाही म्हणाले होते, पण पिशवीत भाकऱ्या दोन दिवसांच्या बांधल्या होत्या आणि प्लास्टिकचा कागदही वर आणून ठेवला होता. मामंजी टाकीशेजारीच बसले होते. पाइप हाताच्या अंतरावर. होडी स्लॅबला लागली आणि होडीतल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं, कारण मागची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती.

मामंजी गुडघ्यांवर हात टेकून उठले. कठड्याशी गेले. ते नाव त्यांनी शांतपणे वाचलं.

मला गप्प बसवलं नाही. म्हटलं, "मामंजी, वाचलंत न्हवं? पलीकडल्यांची हाय."

"खांद मी मळलाय तिचा," म्हणाले. "परकी कशी?"

पोरांनी लगेच हात पुढं केले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन फिरायच्या आत उचलून घ्यावं. मामंजींनी ते हात बाजूला सारले आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"आधी सूनबाईला बसवा," म्हणाले. "मागल्या खेपंला माझ्यापायी दोन रात्री हितं भिजत बसली ती."

ग्रामसभेत सरपंचाला बसवणारी बाई मी, पण त्या दिवशी मामंजींनी मला बसवलं. पदर खोचला, पोरांचा हात धरला, होडीत उतरले, आणि शेजारी मामंजींसाठी जागा धरून बसले.